रोखलेली हीट रवाना कशी झाली? कोल्हापुरातील एका फाउंड्री-सॉफ्टवेअरचे प्रकरण

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापुरात शिरताना आधी शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते आणि शहर मागे टाकून कागलकडे निघाले की गोकुळ शिरगावची. या दोन्ही वसाहतींत फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत. त्यांतील दोन फाउंड्र्यांसाठी राजारामपुरीतील आमच्या सात जणांच्या कार्यालयाने मागोवा ठेवणारे सॉफ्टवेअर लिहिले होते. भट्टीतून एका वेळी वितळून निघालेल्या धातूला ‘हीट’ म्हणतात आणि तिला एक क्रमांक मिळतो. त्या हीटमधून ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर तो क्रमांक उमटलेला असतो, म्हणजे पुढे ग्राहकाकडे एखादा भाग तडकला तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या धातूपासून आणि कोणत्या पाळीत ओतला गेला हे शोधता येते. आमच्या सॉफ्टवेअरचे काम एवढेच होते की हीट या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे आणि तिथून तिला कुठे जाण्याची मुभा आहे, हे चोख सांगावे.

एका हीटच्या बाबतीत ते चोख सांगितले गेले नाही. गुणवत्ता विभागाने रोखून ठेवलेल्या हीटची कास्टिंग्ज रवानगीच्या लिपिकाला पडद्यावर ‘पुढे पाठवा’ या बटणासह दिसली, त्याने ते बटण दाबले आणि माल ट्रकमध्ये चढला. ग्राहकाच्या आवक तपासणीत एक कास्टिंग कापून पाहिले तेव्हा ग्रॅफाइटच्या गाठी पुरेशा गोल नसल्याचे आढळले आणि संपूर्ण लॉट परत आला. लिपिकाची चूक काहीच नव्हती. सॉफ्टवेअरने दिलेली वाट त्याने वापरली होती. ती वाट उघडी कशी राहिली, याचा शोध घेताना आम्ही जे केले आणि जिथे फसलो, त्याची ही नोंद आहे.

चूक कुठे होती

हीटचा प्रवास आम्ही अवस्था-आकृतीत मांडला होता. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेली आणि पुढे यूएमएल या सॉफ्टवेअर-आकृत्यांच्या प्रमाण पद्धतीने स्वीकारलेली ही पद्धत आहे: चौकटी म्हणजे अवस्था, बाण म्हणजे संक्रमण, आणि बाणावर लिहिलेली अट पूर्ण झाली तरच पुढे जाता येते. आकृती एका रेखाटन-साधनात काढलेली होती आणि तिची फाइल इतर कोडसोबत गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ठेवलेली होती. इथवर सर्व शिस्तीत होते.

शोध घेतल्यावर दिसले ते असे. एकाच आठवड्यात दोन सहकाऱ्यांनी ती आकृती उघडली होती. एकाने गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीसाठी वेल्डिंग-दुरुस्तीची नवी अवस्था घातली आणि जागा व्हावी म्हणून बाकीच्या चौकटी थोड्या सरकवल्या. दुसऱ्याने ‘रोखलेली’ अवस्थेतून बाहेर पडणाऱ्या बाणावर गुणवत्ता-प्रमुखाच्या मंजुरीची अट लिहिली. गिट दोन आवृत्त्यांची तुलना ओळीओळीने करते, पण त्या फाइलच्या ओळींत चौकटींचे निर्देशांक, रंग, रुंदी आणि साधनाने स्वतः दिलेल्या लांबलचक ओळखसंख्या भरलेल्या होत्या. चौकट दोन बोटे सरकली की डझनभर ओळी बदलत. दोन्ही बदल एकमेकांवर आदळले, शेकडो ओळींचा संघर्ष समोर आला, आणि ज्याच्यावर तो सोडवायची पाळी आली त्याने माणसाने वाचण्याजोगे तिथे काही नाही असे पाहून एक आवृत्ती अख्खी ठेवली आणि दुसरी टाकून दिली. अट त्या दुसऱ्या आवृत्तीत होती. काही दिवसांनी तिसऱ्या सहकाऱ्याने आकृतीबरहुकूम कोड दुरुस्त केला, आणि आकृतीत अट नसल्याने कोडमधूनही ती गेली.

या सहकाऱ्याला दोष देणे मला पटत नाही. आकृती डोळ्यांसाठी केलेली असते, तिची फाइल यंत्रासाठी, आणि आम्ही मात्र दोन माणसांमधला मतभेद त्या फाइलमध्ये सोडवू पाहत होतो. यूएमएलच्या आकृत्या एका साधनातून दुसऱ्यात नेण्यासाठी एक्सएमआय हे प्रमाण स्वरूप आहे, पण तेही एक्सएमएल, म्हणजे खुणांनी भरलेला यंत्रासाठीचा मजकूरच आहे. सकाळी चहा घेताना कोणी ते वाचत बसणार नाही. याउलट दूरसंचार क्षेत्रातील एसडीएल या भाषेला तिच्या अधिकृत मानकातच दोन रूपे आहेत, एक चित्ररूप आणि एक मजकूररूप, आणि दोन्हींचा अर्थ एकच. यंत्रणांची मॉडेले मांडणाऱ्या सिसएमएल या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीनेही मजकूररूपाला चित्राच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. मॉडेल मजकुरात लिहावे ही कल्पना त्यामुळे नवी नव्हती. आमच्या टेबलापर्यंत ती पोहोचली नव्हती, इतकेच.

चार पर्याय

पहिला पर्याय आकृतीला कुलूप लावण्याचा होता: एका वेळी एकानेच ती उघडावी. तो एका दुपारी सुचला आणि त्याच दुपारी टाकला, कारण आमच्यापैकी दोघे घरून काम करत आणि कुलूप उघडायला विसरणे ही आमची जुनी सवय आहे.

दुसरा पर्याय सर्वांना भावला. प्लँटयूएमएल २००९ पासून उपलब्ध आहे, मर्मेड २०१४ पासून. दोन्हींत साध्या मजकुरात बाण लिहिले की आकृती आपोआप उभी राहते, आणि मर्मेडची आकृती तर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर थेट दिसते. आम्ही दोन दिवसांत संपूर्ण आकृती मजकुरात उतरवली. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी ‘रोखलेली’ऐवजी ‘रोकलेली’ असे टंकले गेले, आणि साधनाने कोणतीही तक्रार न करता ‘रोकलेली’ नावाची नवी चौकट काढून दिली. ही त्या साधनाची खोट नव्हे. ते चित्र काढण्यासाठी आहे आणि न सांगितलेली अवस्था दिसली की ती काढून देणे हीच त्याची सोय आहे. मात्र आमच्यासाठी इथे एक भेद स्पष्ट झाला, जो मी आजही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो: मजकुरात लिहिलेली आकृती आणि मजकुरात लिहिलेले मॉडेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉडेलमध्ये नावाला घोषणा असावी लागते, घोषणा नसलेले नाव चूक ठरावे लागते, आणि अवस्था, घटना व अट यांचे प्रकार भाषेला ठाऊक असावे लागतात.

तिसरा पर्याय अंपलचा होता. ओटावा विद्यापीठात घडलेल्या या भाषेत अवस्था-यंत्र मजकुरात लिहून त्यातून जावा किंवा सी++ चा कोड काढता येतो. विचार चांगला होता, पण आमचा सारा कोड टाइपस्क्रिप्ट या वेगळ्या भाषेत होता. शिवाय फाउंड्रीतील गुणवत्ता-प्रमुखांनी मॉडेल स्वतः वाचावे अशी आमची इच्छा होती, आणि इंग्रजी खुणशब्दांनी भरलेले पान त्यांनी बाजूला सारले असते.

उरला चौथा पर्याय: आपल्याच कामापुरती छोटी भाषा घडवणे. एक्लिप्स या प्रोग्रामिंग-संपादकाच्या जगात यासाठी एक्सटेक्स्ट हे साधन बराच काळ वापरात आहे. आम्ही त्याच परंपरेतील, पण टाइपस्क्रिप्टमध्ये चालणारे लँगियम निवडले. व्याकरण लिहून दिले की ते पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम, तयार करते, आणि मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे संपादकात चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ आणि पुढच्या शब्दाची सुचवणीही मिळते. भाषा घडवण्याचा मोह प्रोग्रामरला फार लवकर होतो याची मला कल्पना आहे, आणि तसा आरोप कार्यालयात माझ्यावर झालाही.

मराठी वाक्य पार्सरला का मानवले नाही

पहिल्या मसुद्यात मी भाषेला मराठी वाक्याचे रूप दिले होते. गुणवत्ता-प्रमुखांना वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून ‘नमुना घेतल्यावर वितळपासून तपासणीकडे जा’ अशी वाक्ये ठरवली. कागदावर ती सुरेख दिसली. व्याकरण लिहायला बसल्यावर अर्ध्या तासात लक्षात आले की अडचण क्रियापद शेवटी येण्याची नसून सामान्यरूपाची आहे. अवस्थेचे नाव ‘साचा’ असेल तर वाक्यात ते ‘साच्याकडे’ होते, ‘ओतकाम’ असेल तर ‘ओतकामाकडे’. पार्सरची नावे जुळवण्याची रीत अगदी साधी असते: घोषणेत जी अक्षरे होती तीच वापरात दिसली पाहिजेत. इंग्रजीवर बेतलेल्या भाषांना हे परवडते, कारण तिथे नाम जागच्या जागी राहते आणि संबंध दाखवणारा शब्द वेगळा उभा असतो. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटताना नामाचे रूपही बदलतो. प्रत्येक नावाचे सामान्यरूप वेगळे घोषित करायचे किंवा पार्सरला मराठी व्याकरण शिकवायचे, असे दोनच मार्ग होते. पहिला लिहिणाऱ्याला जाच आणि दुसरा आम्हाला न झेपणारा. वाक्याचा हट्ट सोडला आणि बाण स्वीकारला. बाणाच्या दोन्ही बाजूंना नाम प्रथमेत राहते:

प्रवाह एसजी_हीट
सुरुवात वितळ
वितळ → नमुना_तपासणी घटना नमुना_घेतला
नमुना_तपासणी → वितळ घटना रसायन_जुळले_नाही
नमुना_तपासणी → मॅग्नेशियम_प्रक्रिया घटना रसायन_जुळले
मॅग्नेशियम_प्रक्रिया → ओतलेली घटना ओतकाम_संपले अट कालावधी <= मर्यादा
मॅग्नेशियम_प्रक्रिया → रोखलेली घटना ओतकाम_संपले अट कालावधी > मर्यादा
रोखलेली → ओतलेली घटना सूक्ष्मरचना_ठीक अधिकार गुणवत्ता_प्रमुख
रोखलेली → भंगार घटना सूक्ष्मरचना_सदोष
ओतलेली → रवाना घटना तपासणी_पूर्ण
शेवट रवाना, भंगार

देवनागरी नावे चालवण्यासाठी आणखी तीन ठिकाणी थांबावे लागले. लँगियममध्ये नावासाठी जो नमुना आयता मिळतो तो रोमन अक्षरांपुरताच आहे. तो बदलून ‘कोणत्याही लिपीचे अक्षर’ असे लिहिले तर ‘वितळ’ हे नाव व या अक्षरानंतर तुटले, कारण युनिकोडच्या वर्गवारीत क, ख, व ही अक्षरे आहेत, पण वेलांटी, काना, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे आहेत. नमुन्यात दोन्ही वर्ग सांगावे लागतात. दुसरी अडचण अंकांची: मर्यादा ‘८’ अशी देवनागरीत लिहिली की जावास्क्रिप्टला ती संख्या वाटतच नाही, म्हणून अंक आधी बदलून घ्यावे लागले.

तिसरीने मात्र दोन दिवस खाल्ले. ‘दुसऱ्यांदा_तपासणी’ ही अवस्था घोषित असूनही एका संगणकावर तिच्याखाली लाल रेघ येत होती. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत. एका कळफलकाने तो ऱ्या ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून बनवला होता, तर दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. युनिकोडचे प्रमाणीकरण चालवले तर प्रश्न सुटेल असे वाटले होते, पण ते नुक्त्याने बनलेला ऱ एकरूप करते, अदृश्य जोडचिन्हाला हात लावत नाही. शेवटी ती एक अदलाबदल आम्हालाच लिहावी लागली. मराठीत भाषा-साधने लिहिणाऱ्या कोणालाही ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या, असे मी सांगेन.

भाषेने काय पकडले

मॉडेल मजकुरात आल्यावर त्यावर तपासण्या लिहिणे सोपे झाले. सुरुवातीपासून जिथे पोहोचताच येत नाही अशी अवस्था, शेवट नसूनही बाहेर पडायला वाट नसलेली अवस्था, एकाच घटनेवर दोन्ही खऱ्या ठरू शकतील अशा अटी. या नेहमीच्या तपासण्या. आमच्या अटींत एका संख्येची एका मर्यादेशी तुलना एवढेच चालते, म्हणूनच शेवटची तपासणी शक्य झाली. भाषा मुद्दाम तोकडी ठेवण्याचा हा लाभ आहे. मूळ प्रसंगासाठी लिहिलेली तपासणी अशी: अधिकार लागणारे सर्व बाण तात्पुरते पुसून टाका आणि मग ‘रोखलेली’पासून ‘रवाना’पर्यंत जाता येते का ते पाहा. जाता आले तर मॉडेल नाकारा. आलेखावर फिरणारा तो कोड वीस ओळींचाही नाही. जुन्या, अट हरवलेल्या आकृतीचे मॉडेल मजकुरात लिहून आम्ही ही तपासणी चालवली तेव्हा पहिल्याच फटक्यात चूक दिसली. कोड आता हाताने लिहिला जात नाही. तो मॉडेलमधूनच निघतो, त्यामुळे मॉडेल नाकारले गेले की नवी आवृत्ती बाहेर पडत नाही.

बदल मंजूर करण्याची रीतही बदलली. गुणवत्ता-प्रमुख मॅडम आता आमच्या शेजारी बसतात, पडद्यावर एक ओळ लाल आणि एक हिरवी असते, आणि चर्चा त्या ओळीची होते. शब्दांचे मतभेद तिथेच उघड झाले. शिरोलीत ‘रिवर्क’ म्हणजे पुन्हा फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू काढून साफसफाई) आणि वेल्डिंग-दुरुस्ती दोन्ही. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वेल्डिंगला ग्राहकाची लेखी परवानगी लागत असल्याने ते ‘रिवर्क’मध्ये धरतच नाहीत. चित्रात दोन्हीकडे ‘रिवर्क’ नावाची सारखीच चौकट होती आणि वर्षभर कोणाला शंका आली नव्हती. दोन्ही फाउंड्र्यांसाठी एक सामाईक मॉडेल आणि त्यावर प्रत्येकीचे अपवाद, अशी रचना आम्ही करून पाहिली. महिन्याभरात अपवाद मूळ मॉडेलपेक्षा लांब झाले. आता दोन स्वतंत्र फाइली आहेत, काही ओळी दोन्हींत सारख्या आहेत, आणि त्याची मला खंत नाही.

‘भंगार’ हा शेवट आहे का, यावर एक अख्खी बैठक गेली. भंगार कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, मग बाण ‘वितळ’कडे हवा, असे आमच्यातील एकाचे म्हणणे होते. मॅडमनी उत्तर दिले की लोखंड परत जाते, हीट क्रमांक परत जात नाही. मॉडेल क्रमांकाचे आहे, लोखंडाचे नव्हे. शेवट कायम राहिला.

चित्र परत आले, आणि तक्ताही

मजकुराने चित्राची गरज संपली नाही. मजकुरातून ग्राफविझ या आकृती काढणाऱ्या साधनाच्या मदतीने आकृती काढणे सोपे होते, फक्त ती एकतर्फी ठेवली: चित्र पाहता येते, त्यात बदल करता येत नाही. तक्रार आली ती वेगळीच. एक नवी अवस्था घातली की आपोआप होणारी मांडणी बदलते आणि काल उजवीकडे असलेली ‘रोखलेली’ आज डावीकडे जाते. मोल्डिंगचे सुपरवायझर आकृती वाचत नव्हते, जागा लक्षात ठेवत होते. म्हणून अवस्थांना ओळी नेमून देणारी एक छोटी वेगळी फाइल ठेवली. मांडणी मॉडेलमध्ये मिसळायची नाही एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळले, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला होता.

वितळ विभागातील मिस्त्रींना, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मजकूरही नको होता आणि चित्रही. ‘ही हीट अशी असली तर म्या काय करायचं आन् काय न्हाई, तेवढं लिवून द्या,’ असे त्यांचे म्हणणे. त्याच मॉडेलमधून प्रत्येक अवस्थेसाठी मुभा असलेल्या घटनांचा तक्ता छापून भट्टीजवळ लावला.

तो तक्ता वाचूनच मामांनी या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक दाखवली. ‘मॅग्नेशियम भट्टीत कुटं घालतोय आमी?’ त्यांनी विचारले. एसजी (स्फेरॉइडल ग्रॅफाइट) आयर्नमध्ये ग्रॅफाइट गोल गाठींच्या रूपात यावे म्हणून मॅग्नेशियम देतात. मॅग्नेशियम सुमारे १०९० अंश सेल्सिअसला उकळते आणि ओतताना लोखंड त्याहून कितीतरी तप्त असते, म्हणून ते धातूतून सतत निसटत राहते आणि प्रक्रियेनंतर ठरावीक मिनिटांत ओतकाम संपवावे लागते. मात्र ही प्रक्रिया लॅडलमध्ये, म्हणजे भट्टीतून धातू साच्यांकडे नेणाऱ्या भांड्यात, होते. एका हीटमधून अनेक लॅडल भरले जातात आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते. आमच्या मॉडेलमध्ये ‘कालावधी’ हीटचा होता. सर्व तपासण्या हिरव्या होत्या, नावे जुळत होती, वाटा बंद होत्या, आणि मोजमापाची वस्तूच चुकीची होती. पहिला लॅडल वेळेत ओतला आणि शेवटचा उशिरा ओतला तर सॉफ्टवेअरने अख्खी हीट रोखली असती किंवा अख्खी सोडली असती. आकृतीतही ही चूक होती. मजकुरातून निघालेला तक्ता भट्टीजवळ लागला तेव्हा ती योग्य माणसाच्या नजरेला पडली.

दुरुस्तीसाठी भाषेत एका प्रवाहाखाली दुसरा प्रवाह ठेवण्याची सोय करावी लागली: हीट ‘वितळ’ आणि ‘नमुना_तपासणी’ यांतून जाते, त्यानंतर तिच्यातून लॅडल जन्मतात, मॅग्नेशियमपासून रोखण्यापर्यंतचे बाण लॅडलच्या प्रवाहात येतात, आणि एकही लॅडल रोखलेला असेल तर हीटची रवानगी कोणत्या कास्टिंग्जपुरती थांबवायची याचा निर्णय अधिकाराने होतो. व्याकरणात भर फारशी पडली नाही, तपासण्या मात्र बहुतेक नव्याने लिहाव्या लागल्या, कारण ‘पोहोचता येते का’ हा प्रश्न आता एका प्रवाहातून दुसऱ्यात ओलांडतो.

हे काम शिरोलीत चालू झाले आहे, गोकुळ शिरगावला अजून व्हायचे आहे. एक गाठ तिथे उरली आहे. नॉक-आउटनंतर, म्हणजे साचे फोडून कास्टिंग्ज बाहेर काढल्यावर, दोन लॅडलची कास्टिंग्ज एकाच पिंजऱ्यात पडतात आणि त्यांवर हीट क्रमांक असला तरी लॅडलची खूण नसते. मामा सध्या साच्यांच्या रांगेत, जिथे एक लॅडल संपून दुसरा सुरू होतो, तिथे खडूने रेघ मारतात, आणि नॉक-आउटची माणसे त्या रेघेपाशी पिंजरा बदलतात.